दसऱ्याला कंप्रेसर घेताय? आधी दुकानातच टाकी भरून बघा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

दसरा जवळ आला की तुमच्या पेपरात मशीनच्या जाहिराती सुरू होतात, ड्रिल, कटर, ग्राइंडर, आणि आता तर कंप्रेसर पण, म्हणजे हवा दाबून टाकीत भरणारं मशीन, ज्या हवेवर खिळ्यांची गन आणि रंगाचा स्प्रे चालतो. मोठ्या अक्षरात २ एचपी, खाली ५० लिटर, बाजूला सूट किती ते. मी बडोद्यात २६ वर्षं सुतारकाम करतोय, त्यातही जास्त करून शेवटचं बारीक काम, म्हणजे बीडिंग पट्टी, स्कर्टिंग, दाराच्या चौकटीचं मोल्डिंग असलं, आणि मला कळकळीने सांगायचंय की हे दोन आकडे बघून कंप्रेसर घेणारा फसतो, कारण जो आकडा बघायला पाहिजे, म्हणजे मिनिटाला खरी हवा किती मिळते, तो जाहिरातीत नसतोच.

आमच्याकडे खंडेनवमीला रंधा, पटाशी, करवत, गुण्या सगळं पुसून, हळदकुंकू लावून पूजा करतात, आणि नवीन मशीन घ्यायचं तर लोक तोच मुहूर्त बघतात. गेल्या वर्षी माझ्या भाच्याने घेतलं. माझ्याच हाताखाली शिकलेला मुलगा, नुकतीच स्वतःची कामं घ्यायला लागला होता. मला न विचारता हप्त्यावर ५० लिटरचं तेलवालं मशीन, म्हणजे आतल्या पिस्टनला तेल लागतं ते, आणलं, दुकानदार म्हणाला मोठंच घे, पुढेमागे स्प्रे पण मारता येईल. पूजेत छान दिसलं, सगळ्यांनी कौतुक केलं, मीही केलं, खोटं कशाला बोलू.

पहिलं काम कारेलीबागेत तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. दोघांनी धरून वर चढवलं, दोन दिवसांनी दुसऱ्या साइटवर न्यायला परत खाली. टेम्पोत उभं मावेना म्हणून आडवं टाकलं, आणि तिथेच घोटाळा झाला. तेलवालं मशीन आडवं केलं की खालचं तेल सिलिंडरमध्ये जातं, मग चालू केल्यावर तेच हवेबरोबर टाकीत आणि पाइपात येतं. पोराला हे कोणी सांगितलंच नव्हतं. त्याने पॉलिशच्या आधी त्याच पाइपाने विनियरवरची, म्हणजे वर चिकटवलेल्या पातळ लाकडी थरावरची, धूळ उडवली, आणि जिथे जिथे तेलाचे बारीक थेंब बसले तिथे पॉलिश धरेना, नुसते खड्डे खड्डे. दोन शटरचं (दारांचं) विनियर काढून परत लावून द्यावं लागलं, पदरचे पैसे घालून. आवाजाचं तर विचारूच नका. कारेलीबागेत समोरच्या घरात तान्हं बाळ, दुपारी मशीन सुरू झालं की ते दचकून उठायचं, त्याची आजी बिचारी दोनदा येऊन सांगून गेली, तिसऱ्यांदा सोसायटीवाल्यांनी कामच बंद पाडलं. त्यांचं काय चुकलं? २००० सालच्या ध्वनी नियमात रहिवासी भागाला दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि ही साधी मशीनं जवळ उभं राहिलं तर ८५-९० च्या घरात ओरडतात.

आणि हे सगळं कशासाठी, तर पट्टीला खिळे मारायला.

आता खिळ्याला हवा किती लागते ते बघा. पट्टीच्या कामाला आपल्याकडे एफ ३० गन चालते, १८ गेजचे (गेज म्हणजे जाडीचं माप, आकडा मोठा तितका खिळा बारीक) १० ते ३० मिलिमीटरचे खिळे घेते. एका खिळ्याला साधारण अर्धा लिटर हवा जाते, थोडी इकडेतिकडे. पट्टीचं काम म्हणजे माप घ्या, पंचेचाळीसचा कट मारा, फेविकॉल लावा, कोपरा जुळवा, मग चार खिळे. अगदी घाईत मिनिटाला १० खिळे मारले तरी ५-६ लिटर हवा झाली. बाजारातलं छोटं मशीन सुद्धा याच्या कितीतरी पट हवा देतं. म्हणजे खिळ्यांसाठी ५० लिटरची टाकी जिन्याने वाहायची काही गरजच नाही. माझ्या २४ लिटरच्या टाकीवर ८ बारवरून (बार म्हणजे हवेच्या दाबाचं माप) ६ पर्यंत काटा उतरेपर्यंत ८० च्या आसपास खिळे निघतात, मग मोटर परत सुरू होते, तेवढ्यात आपली पुढची पट्टी कापून होते. एकदम नाजूक बीडिंग असेल तर २३ गेजची बिनडोक्याची पिन वापरा, ती अजूनच कमी हवा खाते आणि पट्टीही फाटत नाही. बॅटरीच्या गन पण निघाल्यात, किरकोळ कामाला ठीक, पण हात वर करून कॉर्निस ठोकायला जड पडतात असं माझं मत.

एचपी म्हणजे मोटर किती ताकदीची तेवढंच. हवा किती मिळते ते वेगळं. लेबलवर सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा, लिहिलेला असतो तो पुष्कळदा पिस्टनच्या मापावरून काढलेला असतो, बाहेर पडणारी खरी हवा त्याच्यापेक्षा बरीच कमी, तिला एफएडी म्हणतात, आणि तो आकडा विचारला की काउंटरवरचा माणूस दुसऱ्याकडे बघतो. मग आपणच मोजायचं, काही अवघड नाही. दुकानात टाकी पूर्ण रिकामी करून मशीन चालू करायला सांगा आणि मोबाइलवर वेळ लावा. २४ लिटरची टाकी शून्यापासून ८ बारपर्यंत भरली म्हणजे आत २४ गुणिले ८, १९२ लिटर हवा गेली. दोन मिनिटं लागली तर मिनिटाला ९६ लिटर, एका घनफुटात साधारण २८ लिटर, म्हणून २८ ने भागलं की साधारण साडेतीन सीएफएम. झाला हिशोब! मग मशीन बंद करून दहा मिनिटं काटा बघा, खाली सरकला तर कुठेतरी गळतंय, साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दाखवतात कुठून ते. आणि ती दोन मिनिटं मशीनजवळ उभं राहून बोलून बघा, आवाज चढवावा लागला तर ते मशीन कोणाच्या राहत्या घरात नेऊ नका.

माझं म्हणणं, पट्टीच्या कामाला बिनतेलाचं, कमी आवाजाचं, एक माणूस उचलू शकेल असं २४ लिटरचं मशीन घ्या. कमी आवाजाच्या मशीनची मोटर बहुतेक मिनिटाला १४०० फेऱ्यांची असते, साधी जोरात ओरडणारी २८०० च्या आसपास फिरतात, तेवढा एक प्रश्न दुकानात विचाराच. मोटरच्या आतल्या तारेचं वाइंडिंग तांब्याचं आहे का तेही विचारा. बिनतेलाच्या मशीनलाही खोट आहे, आतली टेफ्लॉनची रिंग झिजते, तासन्‌तास सलग चालवलं तर तापतं, आणि स्प्रे मारायला ते पुरं पडत नाही कारण साधी स्प्रे गन सुद्धा ५-६ सीएफएम सहज पिते. ज्याला कपाटं स्प्रे करायचीत त्याने मोठं तेलवालं जरूर घ्यावं पण ते वर्कशॉपमध्ये एका जागी ठेवावं. एकाच मशीनमध्ये दोन्ही कामं करायचा हट्ट धरला की दोन्ही बिघडतात, भाच्याचं तेच झालं.

प्रेशर कमीजास्त करायची चावी नीट चालते का ते बघायला विसरू नका. सागवानाला मी ६-७ बार ठेवतो, एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीच्या, स्कर्टिंगला तेवढंच ठेवलं तर खिळा आत घुसून मोठा खड्डा पाडतो, तिथे ५ बस झाले. दांडिया बाजार, रावपुऱ्यातल्या जुन्या वाड्यांमध्ये वायरिंग जुनं, तिथे लांब बारीक एक्स्टेंशन लावून मशीन चालवलं की व्होल्टेज पडतं, मोटर नुसती घुं घुं करते आणि शेवटी जळते. वायर लांबवू नका, हवेचा पाइप लांबवा, मशीन पॉवर प्लगच्या जवळ ठेवा, १५ मीटर पीयू (लवचिक प्लास्टिकचा) पाइप खिळ्यांच्या गनला आरामात चालतो.

टाकीच्या बुडाला पाणी सोडायचा नळ असतो, तो रोज संध्याकाळी उघडायचा. हवा दाबली की तिच्यातली वाफ टाकीत पाणी होऊन साचते, आपल्याकडे पावसाळ्यात तर वाटीभर निघतं. नाही काढलं तर टाकी आतून गंजते, आणि गंजून पातळ झालेल्या टाकीत ८ बार भरणं म्हणजे जिवाशी खेळ. बाहेरून रंग चकचकीत असतो, म्हणून सेकंडहँड टाकी घेताना तो नळ उघडा, लाल पाणी आलं तर सरळ निघून या. आणि पोरं घरी जाताना त्याच हवेने अंगावरचा भुसा उडवतात, ते आधी बंद करा, डोळ्यात कानात गेलं तर कायमचं नुकसान होतं. गन अडकली तर पहिले पाइप काढायचा, मगच हात लावायचा.

माझी विनंती दोघांना आहे. दुकानदारांनी निदान एक मशीन जोडून ठेवावं आणि गिऱ्हाइकाला टाकी भरायची वेळ मोजू द्यावी, खोक्यातलं मशीन न बघता हप्त्यावर गळ्यात मारू नये. आणि तुम्ही जाहिरात घेता तेव्हा एचपीच्या शेजारी खरी हवा किती, वजन किती, आवाज किती, हे तीन आकडे कंपनीकडून मागून घ्या ना. ज्या शहरात सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, हाताचं कसब शाळेत शिकवायला लावलं, तिथल्या कारागिराला स्वतःच्या पैशाचं हत्यार अंदाजाने घ्यावं लागतं याचं मला फार वाईट वाटतं.

भाच्याने ते मोठं मशीन चार महिन्यांत निम्म्या किमतीला विकलं, हप्ते अजून चालू आहेत. आता त्याच्याकडे २४ लिटरचं, २२ किलोचं आहे, एकटा उचलून नेतो. कारेलीबागेतलं अर्धं राहिलेलं काम त्याने त्याच्यावरच पुरं केलं, समोरच्या आजींना आधी विचारून, बाळाची झोपेची वेळ सोडून. खंडेनवमीच्या आत हे पत्र छापलंत तर यंदा जी पोरं मशीन घ्यायला निघालीत त्यांच्या हातात पडेल.

आपला नम्र,
एक सुतारकाम करणारा वाचक
दांडिया बाजार, बडोदा