लांबीचं काय घेऊन बसलात!

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मागच्या रविवारच्या पुरवणीत रॉक म्युझिकवरचा लेख वाचला. लेख वाईट होता असं मुळीच नाही, मराठी पेपरात रॉकला अर्धं पान मिळतं हेच खूप झालं. पण त्यात प्रोग्रेसिव्ह रॉकचा, म्हणजे लांबलचक, गुंतागुंतीच्या रचनांच्या रॉकचा (थोडक्यात ‘प्रोग’), जो दोन वाक्यांत निकाल लावलाय तो काही पटला नाही. लेखकाचं म्हणणं असं की ती वीस-वीस मिनिटांची गाणी म्हणजे निव्वळ माज होता, ऐकणाऱ्याच्या सहनशक्तीचा अंत बघणं होतं, आणि १९७७ ला पंक, म्हणजे ते छोट्या, तडकफडक गाण्यांचं रॉक, आलं आणि सगळ्यांना घरी पाठवलं. अहो हे इंग्रजी मासिकांनी चघळून चघळून चोथा केलेलं मत आहे, आपण मराठीत तेच परत का वाढायचं?

आणि लांबीची भीती कोणाला दाखवताय? सवाई गंधर्वला एकेकाळी थंडीत शाल गुंडाळून रात्र रात्र बसलेली माणसं तुमचा पेपर वाचतात. विलंबित एकतालात एकच राग पाऊण तास चालतो आणि समोरचा माणूस घड्याळ बघत नाही, उलट गवय्याने लवकर आटपलं तर बाहेर येऊन कुरकुर करतो. मी असं म्हणत नाहीये की ते आणि हे एकच, राग वेगळा, रॉक वेगळं, उगाच गळ्यात गळे घालायला नकोत. पण लांब गाण्याला काय विचारायचं असतं ते आपल्या कानाला आधीच माहीत आहे, किती वेळ लावला हे नाही विचारायचं, त्या वेळात काय केलंस बाबा ते दाखव. एवढी एकच कसोटी लावली तरी या अल्बममधलं सोनं कुठलं आणि भुसा कुठला ते आपोआप कळतं.

उदाहरण म्हणून किंग क्रिमसन या इंग्लिश बँडच्या ‘रेड’ या अल्बमवरचं शेवटचं गाणं घ्या, ‘स्टारलेस’. साल १९७४, लांबी १२ मिनिटांच्या वर. पहिली चारेक मिनिटं तर साधं सरळ उदास गाणं आहे, जॉन वेटन गातो, मागे मेलोट्रॉन (हे कीबोर्ड, त्याबद्दल पुढे सांगतो), कोणालाही आवडेल असं. मग गाणं थांबतं आणि बेसवर एक तुकडा सुरू होतो, तेरा मात्रांचा. खरंच मांडीवर टाळी देऊन मोजून बघा, तेरा येतात. त्याच्यावर रॉबर्ट फ्रिप गिटारवर काय वाजवतो तर एकच स्वर. तोच स्वर दोन तारांवर आळीपाळीने, टॅंग टॅंग टॅंग, बस्स. मग तो स्वर जरा वर सरकतो, मग अजून जरा वर, बिल ब्रुफर्ड आधी कुठेतरी टिकटिक ठकठक करत असतो तो हळूहळू ड्रम्सवर येतो, बेस फाटल्यासारखा घुरघुरायला लागतो, आणि आपण खुर्चीत पुढे पुढे सरकत जातो कारण आता हे कुठेतरी फुटणार हे कळलेलं असतं आणि ते काही लवकर फुटत नाही. चार-साडेचार मिनिटं हे चालतं. आणि फुटतं तेव्हा तोच तेराचा हिशोब जवळपास दुगुणीत पळायला लागतो, वर सॅक्सोफोन, आणि अगदी शेवटी सुरुवातीची ती उदास धून परत येते पण आता सगळी फौज घेऊन. याला आपण बढत म्हणतो, माज म्हणत नाही. एक स्वर चार मिनिटं वाजवणाऱ्या माणसाला शो-ऑफ कसं म्हणणार सांगा! तोही स्टेजवर स्टुलावर बसून वाजवणारा माणूस, उड्या नाहीत काही नाही. आणि रेकॉर्ड दुकानात यायच्या आधीच त्याने बँड बंदही करून टाकला होता.

मेलोट्रॉनवरनं आठवलं. हा आवाज ज्याला कळला त्याला अर्धं प्रोग कळलं असं माझं मत आहे. दिसायला पेटीसारखं कीबोर्ड, पण आत प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा, त्यावर व्हायोलिन नाहीतर बासरी नाहीतर कोरसचा खराखुरा रेकॉर्ड केलेला स्वर. पट्टी दाबली की टेप फिरते, आणि साधारण आठ सेकंदांत टेप संपते, बोट उचलावंच लागतं, मग स्प्रिंगने टेप मागे जाते. म्हणून त्या आवाजात कायम एक थरथर असते, व्हायोलिन आहे पण जरा आजारी व्हायोलिन आहे. क्रिमसनच्या १९६९ च्या पहिल्या अल्बमवर, ‘इन द कोर्ट ऑफ द क्रिमसन किंग’वर, ‘एपिटाफ’ ऐका म्हणजे मी काय म्हणतोय ते कळेल. आजच्या कीबोर्डमध्ये हा आवाज बटण दाबून मिळतो, पण त्यात बोट उचलायची धाकधूक नाही.

आमच्या पिढीला हे सगळं मिळालं ते कॅसेटवर. कोणाच्यातरी परदेशातल्या काकाकडून एलपी यायची आणि मग नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ती उतरवून वाटली जायची, एका बाजूला एक अल्बम दुसऱ्या बाजूला दुसरा. आता गंमत बघा, जेनेसिस या बँडचा १९७२ चा ‘फॉक्सट्रॉट’ हा अल्बम आहे ५१ मिनिटांचा आणि कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. त्यावरचं शेवटचं ‘सपर्स रेडी’ हे २३ मिनिटांचं सात भागांचं गाणं आमच्याकडे ऐन रंगात खटकन बंद पडायचं. त्यातल्या नऊ मात्रांच्या तुकड्यात खाली बेस आणि ड्रम्स नऊ नऊ धरून बसलेत आणि वर टोनी बँक्सचा ऑर्गन त्यांना न जुमानता भलतीकडेच हिंडतोय, आता सम कुठे सापडणार म्हणून आपण श्वास धरलाय, आणि पुढे थोड्या वेळात कॅसेट संपली. शेवट ऐकायला मिळाला तो फार नंतर, सीडी आल्यावर, मुंबईत काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानातून घेतलेल्या. आणि शेवट काय आहे माहितीये? सुरुवातीचीच चाल परत येते. इतकी वर्षं आमच्यासाठी ते गाणं घरी परतलंच नव्हतं!

आता भुसा. आहेच, नाही कशाला म्हणायचं. ‘येस’ या बँडचा १९७३ चा अल्बम ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’. दोन एलपी, चार बाजू, चार गाणी, ८० मिनिटं. याचं मूळ आपल्याच देशातलं आहे, परमहंस योगानंदांच्या आत्मचरित्रात एक तळटीप आहे, श्रुती, स्मृती, पुराणं आणि तंत्र अशी शास्त्रांची चार प्रकारांत विभागणी सांगणारी. ‘येस’चा गायक जॉन अँडरसनने ती तळटीप वाचली आणि एकेका प्रकारावर एकेक बाजू केली. कल्पना ऐकायला भारी आहे पण २० मिनिटांची बाजू भरायला जेवढा माल लागतो तेवढा नव्हताच, छान छान तुकडे आहेत आणि मध्ये नुसतंच तरंगणं. मला त्यातलं योगानंदांचंही काही सापडत नाही आणि पुराणांचंही नाही. खुद्द त्यांचा कीबोर्डवाला रिक वेकमन इतका कंटाळला होता की मँचेस्टरच्या कार्यक्रमात स्टेजवरच बसून करी खाल्ली असं तो स्वतः हसत हसत सांगतो, चिकन विंदालू वगैरे, पापडासकट. थोडक्यात काय तर श्रुती-स्मृतीपेक्षा गोव्याच्या विंदालूने त्याला जास्त दिलं. पण एका टेल्सवरून सगळ्यांना झोडायचं हे काही बरोबर नाही, त्याच बँडने वर्षभर आधी ‘क्लोज टू द एज’ केलं होतं, १८ मिनिटांचं, आणि त्यातला एक मिनिटसुद्धा काढून दाखवा.

इमर्सन लेक अँड पामर या बँडबद्दल मी काही बोलत नाही. तिथे निव्वळ माज होता हे लेखकाचं म्हणणं मला मान्य आहे.

लेखातली मोठी खटकणारी गोष्ट म्हणजे हे सगळं फक्त इंग्लंडात झालं असंच वाटतं. जर्मनी कुठे गेली? कॅन या जर्मन बँडचा १९७१ चा अल्बम ‘टागो मागो’ घ्या. त्यातले होल्गर चुकाय आणि इर्मिन श्मिट हे दोघं श्टॉकहाउझेन या नावाजलेल्या जर्मन संगीतकाराकडे शिकलेले, म्हणजे विद्वान मंडळी. आणि गायक कोण, तर डामो सुझुकी, म्युनिकच्या रस्त्यावर गात होता, यांनी बघितला आणि त्याच रात्री कार्यक्रमात उभा केला. कोलोनजवळच्या एका जुन्या गढीत बसून तासन्‌तास वाजवायचं, आणि मग चुकायने टेप कापून जोडून त्याचं गाणं करायचं. ‘हालेलुवा’ साडेअठरा मिनिटं चालतं आणि याकी लीबेत्साइटचा ठेका जवळजवळ हलत नाही. लेहऱ्यासारखं तो धरून बसलाय आणि बाकीच्यांनी वर काय हवं ते करावं. इथे बढत नाही, क्रिमसनसारखं काही फुटतही नाही, तरी १८ मिनिटं कधी गेली कळत नाही. (तिसरी बाजू मात्र रात्री एकट्याने हेडफोनवर ऐकू नका, एवढंच सांगतो.) आणि नॉय या दुसऱ्या जर्मन बँडचा दुसरा अल्बम तर चक्रमपणाचा कळस आहे, रेकॉर्डिंग करता करता पैसे संपले तर या पठ्ठ्यांनी दुसऱ्या बाजूवर स्वतःचीच आधीची सिंगल कमीजास्त स्पीडने वाजवून भरली, एकदा १६ वर आणि एकदा ७८ वर. लोक चिडले तेव्हा. मला ते आजही ऐकायला मजा येते, सगळंच नाही, पण येते.

आणि पंकने यांना घरी पाठवलं म्हणता, तर सेक्स पिस्टल्स या पंक बँडच्या जॉनी रॉटनला, म्हणजे जॉन लायडनला, १९७७ साली लंडनच्या कॅपिटल रेडिओने त्याच्या आवडीच्या रेकॉर्ड लावायला बोलावलं होतं. ‘आय हेट पिंक फ्लॉइड’ लिहिलेला टीशर्ट घालणारा हाच तो. त्याने काय लावलं? कॅन लावलं, आणि व्हॅन डर ग्राफ जनरेटर या प्रोग बँडचा पीटर हॅमिल लावला. बसा आता!

मला खरं लिहायचं होतं ते टॉक टॉक या इंग्लिश बँडबद्दल, पण बाकीच्यांनीच जागा खाल्ली. तरी लिहितो. १९८४-८६ मध्ये यांची पॉप गाणी चांगली चालत होती, पैसा येत होता, आणि १९८८ ला त्यांनी ‘स्पिरिट ऑफ ईडन’ काढला. लंडनच्या वेसेक्स स्टुडिओत, जिथे क्रिमसनचा पहिला अल्बम झाला त्याच जागी, जवळपास अंधारात महिनोन्‌महिने रेकॉर्डिंग केलं. पाहुणे वादक बोलवायचे, अंधारात वाजवू द्यायचं मनाला येईल ते, आणि त्यातलं बहुतेक सगळं टाकून द्यायचं. तासातले दोन-चार स्वर ठेवायचे. ऐकताना हे जाणवतं, सुरुवातीला लांबून ट्रम्पेट येतो, मग काहीच नाही, मग कुठेतरी खुर्ची करकरल्यासारखं, मग एकदम गिटारचा एक छेड आणि फाटलेल्या आवाजातला माउथऑर्गन. त्यांचा गायक मार्क हॉलिस काय गातोय ते निम्मं कळत नाही, गिळून गातो. पहिली तीन गाणी एकाला एक जोडून आहेत आणि तिसऱ्यात जेव्हा ड्रम्स आणि गिटार एकदम अंगावर येतात ना तेव्हा आधीच्या पंधरा-सोळा मिनिटांच्या शांततेचा हिशोब लागतो. हेच जर तुम्ही फोनवर शफलवर ऐकलंत आणि मध्ये बँकेच्या लोनची जाहिरात आली तर काय घंटा कळणार! मग म्हणायचं बोअर आहे. कंपनीलाही हे विकायचं कसं कळलं नव्हतं, आणि बँडने यावर दौरासुद्धा केला नाही. हॉलिस १९९८ ला एक सोलो अल्बम करून जो बाजूला झाला तो झालाच, २०१९ ला गेला.

आणि आपल्याकडे हे ऐकतं कोण असं विचारू नका. पोर्क्युपाइन ट्री हा इंग्लिश बँड २००९ ला आयआयटी बॉम्बेच्या मूड इंडिगो महोत्सवाला येऊन वाजवून गेले, त्यांचाच स्टीव्हन विल्सन २०१६ ला पुण्यात वीकेंडर या संगीत महोत्सवाला आला. क्रिमसन, येस, जेंटल जायंट यांच्या जुन्या टेप घेऊन नव्याने मिक्स करणारा हाच माणूस, म्हणजे आजच्या पोरांनी जे कानाने ऐकलंय त्यातलं बरंच त्याच्या हाताखालून गेलंय. त्याचे लांबलचक तुकडे उभ्याने ऐकणारी, सात मात्रा असल्या तरी बरोबर मान डोलावणारी पोरं इथलीच होती, त्यातली निम्मी मराठीत शिव्या देत पार्किंग शोधत होती.

तेव्हा विनंती अशी की पुरवणीत महिन्यातून एकदा एक आख्खा अल्बम घ्या, बाजू पहिली बाजू दुसरी असं धरून, कोणी वाजवलं, कुठे रेकॉर्ड झालं, कुठलं गाणं का लांब आहे, आणि आवडलं नाही तर तसंही लिहा. सुरुवात ‘रेड’पासून करा, ४० मिनिटांचं काम आहे.

अजून एक. लेखासोबत क्रिमसनच्या पहिल्या अल्बमवरचा तो आ वासलेला लाल चेहरा छापलाय आणि खाली ‘छायाचित्र : इंटरनेट’ असं आलंय. ते छायाचित्र नाहीये, पेंटिंग आहे, बॅरी गॉडबर नावाच्या कॉम्प्युटर प्रोग्रामरने काढलेलं. रेकॉर्ड आली ऑक्टोबर १९६९ ला आणि फेब्रुवारी १९७० मध्ये तो गेला, वय २४. येत्या रविवारी चौकट टाकून दुरुस्ती छापावी.

आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे