परंपरेच्या शोधात निघालेल्या माझ्या मुलीस

मडगाव, गोवा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

नाताळच्या सुट्टीत तू मला विचारलेस, की तुमच्या पिढीने विश्वासाच्या बाबतीत आमच्या हाती नेमके काय दिले. प्रश्न तू रागाने विचारला नव्हतास, म्हणूनच त्याचे उत्तर मला सावकाश आणि लेखी द्यावेसे वाटते. तू पुण्यात डोक्यावर जाळीची ओढणी घेऊन मिस्सेच्या उपासनेला जातेस, गुडघे टेकून जिभेवर ख्रिस्तप्रसाद स्वीकारतेस, शुक्रवारी मांसाहार टाळतेस आणि नियमाने प्रायश्चित्त संस्कार घेतेस, हे कळल्यावर तुझ्या आईच्या काही मैत्रिणींना काळजी वाटली. मला मात्र आनंद झाला, आणि तो मी तुझ्यापासून लपवू इच्छित नाही.

कोणी तुला या गोष्टींवरून अडवले, तर घाबरू नकोस. गुडघे टेकून किंवा जिभेवर ख्रिस्तप्रसाद घेऊ पाहणाऱ्या भाविकाला तो नाकारता येत नाही, हे रोमने 2004 च्या सूचनापत्रात स्पष्ट केले आहे. स्त्रियांनी चर्चमध्ये डोके झाकावे हा नियम 1917 च्या धर्मसंहितेत होता, 1983 च्या संहितेत तो नाही. आता ती ज्याच्या त्याच्या भक्तीची बाब आहे. तुझी भक्ती तुला ते करायला सांगत असेल, तर तुझ्या आईने किंवा मी त्यात पडण्याचे काहीच कारण नाही.

तू एकटी आहेस असेही नाही. फ्रान्ससारख्या, चर्चपासून दूर गेलेल्या देशात 2024 च्या ईस्टरला 7,135 प्रौढांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढच्याच वर्षी तो आकडा 10,384 झाला. त्यांत तरुणांचा भरणा मोठा होता. पॅरिसहून शार्त्रच्या कॅथेड्रलपर्यंत पेंटेकॉस्टच्या सणाच्या सुमारास जी सुमारे शंभर किलोमीटरची पदयात्रा निघते, तिच्यात जुन्या लॅटिन विधीने मिस्सा होते आणि हजारो मुलेमुली पाठीवर पडशी बांधून तीन दिवस चालतात. ज्या वयात आम्ही चर्चला जायचे ते आईवडिलांच्या सांगण्यावरून, त्या वयात तुम्ही स्वतः शोधत निघाला आहात. ही मोठी गोष्ट आहे. प्रवचने उथळ झाली, धर्मशिक्षणाच्या वर्गात चित्रे रंगवण्यापलीकडे फारसे काही हाती लागले नाही, ही तुझी तक्रारही अनेक ठिकाणांपुरती खरी आहे, आणि ती तू संकोच न करता मांडावीस.

परंतु आमच्या पिढीने, आणि आमच्याआधीच्या पिढीने, भाषा बदलताना श्रद्धा पातळ केली, हे तुझे म्हणणे मला मान्य नाही.

तुझ्या वसईच्या आजीचे उदाहरण घे. तिच्या तरुणपणी मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. धर्मगुरू वेदीकडे तोंड करून प्रार्थना म्हणत आणि मागे बसलेल्या बाया आपली जपमाळ ओढत. घंटा वाजली की मान खाली, इतके त्यांना ठाऊक. त्या शांततेत खरी भक्ती होती, हे आजीही सांगत असे. 1964 च्या डिसेंबरात पोप सहावे पॉल मुंबईला आले, तेव्हा वसईतून गेलेल्या माणसांत तुझे आजोबा होते. पुढे मराठीत मिस्सा सुरू झाली आणि लूकच्या शुभवर्तमानातला हरवलेल्या नाण्याचा दाखला आजीने वेदीवरून प्रथमच आपल्या भाषेत ऐकला. दिवा लावून, घर झाडून, कानाकोपरा धुंडाळणारी ती बाई तिला इतकी ओळखीची वाटली, की दुसऱ्या दिवशी केळीच्या बागेत पाणी सोडताना तिने तो दाखला शेजारणीला अथपासून इतिपर्यंत सांगितला. येशूला आमच्या घरातले केरवारे ठाऊक आहेत, असे ती म्हणाली होती. हे मी लहानपणी तिच्या शेजारी उभे राहून ऐकले आहे. तिची जपमाळ त्यानंतरही सुटली नाही आणि उपवासकाळातला तिचा एकही उपवास मोडला नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे साठच्या दशकात भरलेल्या जगभरच्या बिशपांच्या सभेने, लॅटिन टाकून दिली, असे तू ज्या चित्रफिती पाहतेस त्यांत सांगतात. परिषदेचा उपासनेविषयीचा दस्तऐवज 4 डिसेंबर 1963 चा आहे. तो तू स्वतः वाच. त्याच्या 36 व्या परिच्छेदात लॅटिनचा वापर जपावा असे म्हटले आहे, लोकभाषांना अधिक वाव द्यावा असेही त्याच परिच्छेदात आहे, आणि 116 व्या परिच्छेदात ग्रेगोरियन गायनाला मानाचे स्थान दिले आहे. म्हणजे तुझे लॅटिनवरचे प्रेम आणि आजीचे मराठी वाचनावरचे प्रेम, दोन्हींना एकाच कागदाचा आधार आहे. प्रत्यक्षात अनेक धर्मग्रामांतून लॅटिन जवळजवळ नाहीशी झाली हे खरे. तो दोष तू दाखवावास, पण परिषदेच्या माथी मारू नयेस.

तू ज्याला जुने म्हणतेस त्याच्याही खाली जरा पाहा. ज्या मिस्सापुस्तकाची तुला ओढ आहे, ते पोप पाचवे पायस यांनी 1570 मध्ये लागू केले. त्यानंतर नऊ वर्षांनी फादर थॉमस स्टीफन्स नावाचा जेझुइट संघाचा इंग्रज धर्मगुरू गोव्यात उतरला, आपल्या मडगावच्याच साष्टी तालुक्यात राहिला, इथली भाषा शिकला आणि त्याने जवळजवळ अकरा हजार मराठी ओव्यांमध्ये आदामापासून ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा रचली. त्याचे ख्रिस्तपुराण 1616 मध्ये राशोलला छापले गेले आणि गोव्याच्या चर्चमधून ते लोकांना वाचून दाखवले जात असे. राशोल आपल्या घरापासून किती जवळ आहे, हे तुला सांगायला नको. वेदीवर लॅटिन मिस्सा आणि भाविकांच्या कानी मराठी ओवी, अशी ती परंपरा सोळाव्या शतकातल्या ट्रेंटच्या धर्मपरिषदेनंतरच्या त्याच कडक काळात नांदत होती. पुढे 1684 मध्ये व्हाइसरॉयने लोकांच्या बोलीवरच बंदीचे फर्मान काढले. ते सत्तेचे काम होते, परंपरेचे नव्हे. माझ्यासारख्या वसईहून इथे आलेल्या माणसाला गोवा परके वाटले नाही, त्याचे एक कारण या ओव्या आहेत.

लॅटिनचेही तसेच. ती तुला फोनच्या पडद्यावर, दूरदेशीच्या कॅथेड्रलमध्ये भेटली. तुझ्या आईच्या वाड्यावरून, त्या छोट्या वस्तीतून, ती कधी गेलीच नव्हती. मे महिन्यात तिथल्या कुरसाला, म्हणजे क्रुसाला, चुना लावतात, झेंडूची माळ घालतात, मेणबत्त्या लावतात आणि तिन्हीसांजेनंतर लादाईन, म्हणजे मारियेच्या नावांची गायलेली प्रार्थना, सुरू होते. कोणी धर्मगुरू लागत नाही. मेस्त, म्हणजे गायन शिकवणारे गुरुजी, व्हायोलिनवर सूर धरतात, एक जण मारियेचे एकेक नाव घेतो आणि सगळा वाडा दोन आवाजांत "ओरा प्रो नोबिस", म्हणजे "आमच्यासाठी प्रार्थना कर", म्हणतो. त्यांतल्या अनेकांनी शाळेत लॅटिनचा एक शब्द शिकलेला नाही. पोर्तुगीज काळात धर्मग्रामांच्या शाळांतून जे गायन शिकवले गेले, ते बापाकडून मुलाकडे येत इथवर टिकले. शेवटी उकडलेल्या चण्यांचे द्रोण फिरतात, मोठी माणसे फेणीचा घोट घेतात, आणि वर्षभर एकमेकांशी न बोललेले शेजारी त्या अर्ध्या तासात एका सुरात गायलेले असतात. मी तिथे पहिल्यांदा उभा राहिलो तेव्हा मला दुसरा आवाज येत नव्हता. तुझ्या मामांनी कानाशी गुणगुणून तो शिकवला.

माझी खरी काळजी तुला आता सांगतो. तू पाठवलेल्या दोन चित्रफितींत बोलणारा माणूस पोप फ्रान्सिस यांच्याविषयी आणि साध्या धर्मगुरूंविषयी जी भाषा वापरतो, तिच्यात मला प्रार्थना दिसली नाही. जुन्या विधीची व्यापक मुभा पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी 2007 मध्ये दिली आणि पोप फ्रान्सिस यांनी 2021 मध्ये ती आवरून निर्णय बिशपांकडे सोपवला. या दुसऱ्या निर्णयाचे तुला दुःख होते, ते मी समजू शकतो. ते दुःख बिशपांना पत्र लिहून सांगता येते. आर्चबिशप मार्सेल लफेव्ह्र यांनी 1988 मध्ये पोपच्या परवानगीविना चार बिशपांना दीक्षा दिली आणि परंपरेवर मनापासून प्रेम करणारी कित्येक कुटुंबे त्या फुटीत अडकली. त्यांच्या श्रद्धेविषयी मला शंका नाही. पण पेत्राच्या वारसाला, म्हणजे पोपना, सोडून जपलेली परंपरा अपुरी राहते, असे मला ठामपणे वाटते, आणि तू त्या वाटेने जाऊ नयेस अशी माझी विनंती आहे. आपल्या धर्मग्रामातली रविवारची मिस्सा, तिथले बेसूर गिटार तुला कितीही खटकले तरी, सोडू नकोस. गायनवृंदात जा आणि त्यांना एखादे ग्रेगोरियन "किरिये", ती मिस्सेतली दयेची याचना, शिकव. पुण्यात तुझ्याखेरीज ते करणारे दुसरे कोणी असेल असे मला वाटत नाही.

आणखी एक काम तुझ्याकडे मागतो. वाड्यावरच्या लादाईनीत दुसरा आवाज म्हणणारी माणसे आता थकली आहेत, आणि व्हायोलिन धरणारा तरुण कोणी नाही. तुला स्वरलेखन वाचता येते, लॅटिनचे उच्चार तू मेहनतीने कमावले आहेस. मेस्तांना मी विचारले; त्यांच्या हस्तलिखित वह्या ते तुला उतरवून घेऊ देतील आणि संध्याकाळी आंजेलच्या प्रार्थनेची घंटा झाल्यावर शिकवायला बसतील. तुझ्या ओढणीला तिथे कोणी हसणार नाही, कारण आईच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायांनी ती सोडलेलीच नाही. मे महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात रजा मिळत असेल तर आताच मागून ठेव आणि तिकीट काढ. सुट्टीत गाड्या लवकर भरतात. येताना तुझे लॅटिन मिस्सापुस्तकही आण, मला ते तुझ्याबरोबर वाचायचे आहे.

आईचे आशीर्वाद.

तुझे,
बाबा