पुढच्या मे महिन्यात बालीला चला

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "तुम्ही फिरा, आम्ही बडोद्यातच बरे." आई तर काही बोललीच नाही. असं काही फोनवर पटवून देणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसले. पुढच्या मे महिन्यात तुम्ही दोघांनी आमच्याबरोबर इथे बालीला यावं, अशी माझी फार इच्छा आहे.

आम्ही सानूरला आहोत, बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर. समोर प्रवाळाची रांग असल्यामुळे समुद्र शांत आणि उथळ आहे. कुटा किंवा चांगगूसारख्या लाटा इथे नाहीत. किनाऱ्याकडेने लांबवर फरसबंद वाट जाते. बाबा, तुमची कमाटीबागेतली सकाळची फेरी इथे मजेत होईल, शिवाय सूर्योदय थेट समुद्रातून दिसेल.

राहायला आख्खं घर भाड्याने घेतलं आहे. हॉटेलच्या एका खोलीत धाकटा झोपला की आम्ही अंधारात कुजबुजत बसायचो. इथे तो त्याच्या खोलीत झोपतो आणि आम्ही बाहेर गप्पा मारत जेवतो. थोरली दिवसभर अनवाणी हुंदडते, तिला कोणी "हळू बोल" म्हणत नाही.

आई, स्वयंपाकघर पूर्ण आपलं आहे. गॅस आहे, भाताचा विजेचा कुकर आहे. आपला शिट्टीचा कुकर मात्र मिळत नाही, तो मी आणेन. तू फक्त गोडा मसाला आणि हिंग दे. मूग, नारळ, पपई, केळी, चवळीच्या शेंगा बाजारात मिळतात. सोयाबीन आंबवून केलेलं टेंपे नावाचं एक प्रकरण आहे, ते तळून मसाला लावला की मुलं ताटातून उचलून नेतात. बाहेर खाताना सांबलबद्दल, म्हणजे इथल्या मिरचीच्या ठेच्याबद्दल, विचारून घ्यावं लागतं, कारण त्यात बऱ्याचदा कोळंबीची पेस्ट असते. नळाचं पाणी पीत नाहीत. एकोणीस लिटरचा मोठा जार घरी येतो, भाज्याही आम्ही त्याच पाण्याने धुतो.

आता पोहण्याच्या तलावाबद्दल. आईला याचीच काळजी आहे हे मला ठाऊक आहे, आणि ती रास्त आहे. इथल्या बऱ्याच घरांत बैठकीला बागेकडून भिंतच नसते. सोफ्यावरून उतरलं की चार पावलांवर पाणी, आणि भोवती कुंपण नाही. म्हणून घर ठरवण्याआधीच आम्ही मालकाकडून काढता-घालता येणारं कुंपण बसवून घेण्याचं कबूल करून घेतलं. त्याचं दार आपोआप बंद होतं आणि कडी उंचावर आहे. पोचल्यावर आधी ते तपासलं, मगच बॅगा उतरवल्या. मला तर तीच वेळ सगळ्यांत धोक्याची वाटते: मोठ्यांचे हात सामानात गुंतलेले आणि मुलं नव्या घरात सुटलेली. लहान मूल बुडताना ओरडत नाही, हात हलवून बोलावत नाही. शांतपणे खाली जातं, तेही मिनिटाच्या आत. म्हणून कुंपण असूनही मुलं पाण्यात असली की एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे बघतं, फोन हातात न घेता. पाळी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तू बघ." दंडाला लावायच्या हवेच्या फुग्यांवर आम्ही भरवसा ठेवत नाही. खेळ संपला की खेळणी बाहेर काढतो, नाहीतर धाकटा त्यांच्या ओढीने पाण्याकडे जाईल.

ही पाळी तुमच्याकडे कधीच येणार नाही, हे मी आत्ताच सांगते. नातवंडं सांभाळायला म्हणून मी तुम्हाला बोलावत नाही. पाण्यापाशी आम्ही दोघं आहोत.

बोलावण्याचं कारण वेगळंच आहे. आम्ही दिवाळीत दांडिया बाजारला येतो तेव्हा आई ओट्यापासून हलत नाही आणि बाबा सेव-उसळ, फरसाण आणायला धावत असतात. दिवसभर कोणी ना कोणी भेटायला येतं. चार दिवस जातात आणि मुलांच्या वाट्याला तुम्ही येतच नाही. इथे आपल्यापैकी कोणीच यजमान नाही. झाडलोटीला बाई येतात, दाराची बेल वाजत नाही. थोरलीला आजोबांकडून पत्त्यांचे डाव शिकायचे आहेत, तिने तसं दोनदा म्हणून दाखवलं.

आणि बाबा, तुम्हाला इथे बघायलाही पुष्कळ आहे. इथल्या लोकांचंही एक पंचांग शकाचं आहे, आणि नवं वर्ष आपल्या पाडव्याच्या सुमारास येतं. त्या दिवसाला न्येपी म्हणतात. चोवीस तास दिवे नाहीत, चूल नाही, रस्त्यावर कोणी नाही, विमानतळसुद्धा बंद. भले मोठे वड आहेत, काळ्या-पांढऱ्या चौकडीचं वस्त्र नेसवलेले. जातिलुविह गावाची भातखाचरं 'सुबक' नावाच्या ज्या पद्धतीने भिजतात, तीत पाण्याची वाटणी शेतकरी मिळून करतात आणि तिचा कारभार देवळांशी जोडलेला आहे. २०१२ साली युनेस्कोने ती जागतिक वारशात घेतली. तुम्ही पाटबंधाऱ्यात आयुष्य काढलंत, मला तिथे उभं राहून तुमच्याकडून समजून घ्यायचं आहे.

तुमच्या गुडघ्यासाठी तळमजल्याची खोली बघते. न्हाणीघरं इथे बरीचशी उघड्या आभाळाखाली असतात, पावसाने निसरडी होतात. आपण छप्पर आणि धरायला दांडा असलेलं घर घेऊ. मे महिन्यात पाऊस ओसरलेला असतो, जुलै-ऑगस्टची गर्दीही नसते, आणि बडोद्याच्या उन्हातून तुमची सुटका होईल. कुत्र्या-माकडांना मात्र हात लावायचा नाही, बेटावर रेबीज आहे. डासांची जाळी आणि वैद्यकीय विमा माझ्याकडे लागला.

व्हिसा विमानतळावरच मिळतो, तीस दिवसांचा, माणशी पाच लाख इंडोनेशियन रुपियाचा. आकडा ऐकून दचकू नका, आपले तीन हजारांच्या आसपास होतात. पण पासपोर्टची मुदत तिथे पोचताना किमान सहा महिने उरलेली लागते आणि बाबांचा पासपोर्ट येत्या जूनमध्ये संपतो. सेवा केंद्र बडोद्यातच आहे. या आठवड्यात जुना पासपोर्ट कपाटातून काढून ठेवा, रविवारी फोनवर मी अर्ज भरून देईन.

तुमची लेक