आरसीवर एक रकाना कमी आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

लिलावातल्या स्वस्त स्पोर्ट्स कारविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख माझ्या भाच्याने मला पाठवला. सोबत एक शब्द नाही, नुसते जोडलेले हात. ते हात का जोडले ते सांगण्यासाठी हे पत्र.

मी मोटार विम्याचा सर्व्हेअर होतो. 31 वर्षं चेपलेल्या, जळालेल्या आणि बुडालेल्या गाड्या पाहिल्या, त्यांचे फोटो काढले, एस्टिमेटं कापली. लेखात 2019 साली ईडीने विकलेल्या नीरव मोदीच्या गाड्यांचा दाखला आहे. त्यातल्या रोल्स रॉइस घोस्टला 1 कोटी 33 लाखांची बोली लागली हे खरं. पण त्या एका दाखल्यावरून लेखकाने सगळे लिलाव एकाच माळेत ओवले, आणि तिथेच वाचक फसतो.

बँकेने हप्ते थकले म्हणून उचललेली गाडी बहुधा धडधाकट असते. तिचे रोग एका जागी उभं राहिल्याचे. बॅटरी मेलेली, टायर खालून चपटे, वायरिंगला उंदीर लागलेले, दुसरी चावी बेपत्ता, चलानांची माळ. कर्ज फिटल्याचा फॉर्म 35 आणि बँकेची एनओसी हातात आली, आरसीवरचं, म्हणजे गाडीच्या नोंदणीपत्रावरचं, हायपोथिकेशन (बँकेच्या कर्जाची नोंद) उतरलं, की निम्मी काळजी मिटते. जप्तीच्या गाडीचंही साधारण तसंच. तिसरा लिलाव विमा कंपनीच्या सॅल्व्हेजचा, म्हणजे भरपाई देऊन निकालात काढलेल्या गाड्यांचा. त्याच्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, आणि भाच्याची गाडी नेमकी तिथून आलेली.

गाडी 2011ची पोर्श बॉक्स्टर एस. 3.4 लिटरचं इंजिन, 310 हॉर्सपॉवर, रंग काळा. अंधेरीकडच्या एका दुकानातून त्याने ती 19 लाखांना घेतली. तसल्या दुसऱ्या गाडीला कोणी पंचविसाच्या खाली बोलत नव्हतं. दुकानदार म्हणाला, ‘बँकेच्या लिलावातली आहे, म्हणून भाव पडलाय.’ आरसीवर दुसरा मालक, मीटरवर 31,000 किलोमीटर, वरून अशी चकचकीत की भांग पाडून घ्यावा. मी त्या दिवसांत गुहागरला होतो. मला विचारलं नाही, कारण मामा नाट लावील. लावलाच असता.

पहिल्या रविवारी पहाटे त्याने आईला कोस्टल रोडवर फिरवून आणलं. ताईचा अभिप्राय असा, ‘पाटावर मांडी घालून बसल्यासारखं वाटतं, आणि उठायला दोन माणसं लागतात.’ फेब्रुवारी ते मे सगळं छान. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला दमदार पाऊस झाला आणि गाडी चालू होईना. रिमोटलाही दाद देईना. ओशिवऱ्याच्या मेकॅनिकने फोनवरच निदान केलं, ‘छपराचे ड्रेन चोक झाले असणार.’ निदान चुकीचं नव्हतं. या गाडीचं छप्पर कापडी. त्यावरचं पाणी मागच्या बाजूंच्या दोन नळ्यांतून खाली जातं. नळ्यांत पाला अडकला की तेच पाणी आत उतरून सीटखाली साठतं, आणि सीटखालीच या गाडीचा इमोबिलायझरचा, म्हणजे चावी ओळखल्याशिवाय गाडी चालू होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, डबा बसवलेला आहे. आपल्या पावसाला याहून सोयीची जागा सापडली नसती.

मी गेलो तेव्हा बाटलीने दोन्ही नळ्यांत पाणी ओतून पाहिलं. ते चाकांजवळ सरळ खाली पडलं. म्हणजे नळ्या साफ. मग सीट काढायला सांगितली. सीटचे चारही बोल्ट आधी कोणीतरी खोललेले, पान्याने कडा खाल्लेल्या. गालिचा वर केला. खालचा फोम वरून कोरडा, बोट दाबलं तर आतून ओला, आणि त्याखाली पत्र्यावर चिखलाची काळी पापडी, वाळून तडे गेलेली. डब्याच्या पिना जुन्या पितळी तांब्यासारख्या हिरव्या कळकलेल्या. वास ज्याने एकदा घेतला तो विसरत नाही. छपरातून गळलेलं पाणी एवढा गाळ आणत नाही. हा गाळ रस्त्यावरून येतो.

मग ड्रायव्हरचा सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढला. बेल्ट कोणी पूर्ण ओढून पाहत नाही, आणि गाडी धुणारेही तो धूत नाहीत. शेवटच्या वीतभर पट्टीवर चहाच्या डागासारखी आडवी रेघ. पुढच्या बंपरमागे दोन बाजूंना दोन रेडिएटर असतात. तिथल्या खाचांतही तोच गाळ. बंपर मात्र नवा रंगवलेला. मीटरचा निकाल लावायला पोर्शची भाषा समजणारा स्कॅनर असलेला माणूस बोलावला. इंजिनच्या कॉम्प्युटरमध्ये चाललेले तास नोंदलेले असतात. ते निघाले 2,310. 31,000 भागिले 2,310 म्हणजे तासाला जेमतेम साडेतेरा किलोमीटर. आमचे आजोबा चर्नी रोडहून व्हिक्टोरियाने याच गतीने जात असतील. मुंबईतल्या अशा गाडीची सरासरी मी तासाला 25 धरतो. त्या हिशेबाने गाडी 57,000च्या पुढे चाललेली.

राहिला प्रश्न, बुडाली कधी. ते विम्याच्या जुन्या कागदांनी सांगितलं. भाच्याकडे फाइल होती, त्याने ती वाचली नव्हती. 2016च्या पॉलिसीत नो क्लेम बोनस, म्हणजे भरपाई न मागितल्याबद्दल हप्त्यात मिणारी सूट, 45 टक्के. ही पॉलिसी सप्टेंबर 2017मध्ये संपते. पुढची पॉलिसी थेट फेब्रुवारी 2018ची, दुसऱ्या कंपनीची, बोनस शून्य. मध्ये पाच महिने काहीच नाही. 29 ऑगस्ट 2017ला मुंबई कशी तुंबली होती ते वाचकांना आठवत असेल, त्या 24 तासांत सांताक्रूझला 331 मिलिमीटर पाऊस झाला. माझ्या दृष्टीने पंचनामा तिथे संपला. जुनी स्पोर्ट्स कार घेणाऱ्याने रंगावरून बोटं फिरवण्याआधी मागच्या सगळ्या पॉलिसी मागाव्यात. चढत गेलेला बोनस एकदम शून्यावर आला किंवा तारखांमध्ये भगदाड पडलं, तर त्याचं उत्तर लेखी घ्यावं.

आता माझ्या धंद्याची बाजू. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे विम्यात धरलेल्या किमतीच्या, 75 टक्क्यांवर गेला की गाडी टोटल लॉस धरली जाते. आयडीव्ही दरवर्षी उतरते. चार वर्षं पूर्ण होऊन पाचवं चालू असलं की 50 टक्के घट धरतात, पाच वर्षांपुढे मालक आणि कंपनी आपसात ठरवतील ती. सुट्या भागांची किंमत मात्र उतरत नाही. परदेशातून येणारा हेडलाइट गाडी नवी असताना जेवढ्याला मिळायचा, त्याहून आज महागच पडतो. नवी 80 लाखांची गाडी घ्या. पाचव्या वर्षी आयडीव्ही 40 लाख, त्याचे 75 टक्के 30 लाख. वर्कशॉपचं एस्टिमेट 31 लाखांचं आलं की खेळ खलास. मारुतीसाठी जी टक्कर म्हणजे बंपर, बॉनेट आणि आठ दिवसांचं काम, ती असल्या गाडीला टोटल लॉस करून जाते. त्यात पोर्शचा दोष नाही, गणिताचा आहे.

म्हणून टोटल लॉस झालेली प्रत्येक गाडी भंगार असते असं मी म्हणणार नाही. कुर्ल्याच्या बाजारातून जुने भाग आणून पाच-सहा लाखांत चांगली उभी केलेली गाडीही मी पाहिली आहे. टक्कर झालेली असेल तर तिचं काम डोळ्यांना दिसतं, मोजता येतं. बुडालेलीचं तसं नाही. तिचं वायरिंग आतून सडत राहतं, आणि कधी दगा देईल ते ती बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही.

विमा कंपनी टोटल लॉस ठरवते तेव्हा सॅल्व्हेजला बोली मागवते. पूर्वी बंद पाकिटं यायची, आता ऑनलाइन. मालकाला सॅल्व्हेजची किंमत बोली लावणाऱ्याकडून मिळते, उरलेली कंपनीकडून. आरसी त्याच्याच नावावर राहते आणि मालकी बदलण्याचे फॉर्म 29 व 30 कोरे सही करून दिले जातात. त्या कोऱ्या सह्यांवर गाडी दोन-तीन हातांतून जाते. डेंटरकडून पेंटरकडे, पेंटरकडून दलालाकडे, दलालाकडून दुकानात. यातल्या कोणाचंच नाव आरसीवर चढत नाही. कागदावर ‘दुसरा मालक’ असलेला माझा भाचा माझ्या अंदाजाने पाचवा तरी असावा.

यात माझा हात नाही असं नाही. 26 जुलै 2005ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पडला. त्यानंतर कितीतरी महिने मी कालिना, कुर्ला, साकीनाक्याच्या यार्डांतून गमबूट घालून फिरत होतो. एका दिवसात पंचवीस-पंचवीस गाड्यांवर खडूने ‘टीएल’ लिहिलं आहे. खडूची ती अक्षरं पहिल्याच धुण्यात जात होती. पुढे त्या गाड्या कोणाच्या दारात गेल्या ते मी कधी विचारलं नाही. ते माझं काम नव्हतं, असं तेव्हा म्हणायचो.

‘वाहन’ पोर्टलवर आज नंबर टाकला की कर्ज आहे का, विमा कधी संपतो, मालक कितवा, गाडी काळ्या यादीत आहे का, एवढं कळतं. ती एकदा टोटल लॉस होऊन सॅल्व्हेज म्हणून विकली गेली होती, हे कळत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम 55 मध्ये तरतूद आहे, पण ती नष्ट झालेल्या किंवा कायमच्या निकामी झालेल्या वाहनासाठी. मालकाने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं. हिशेबाने टोटल लॉस झालेली गाडी ‘कायमची निकामी’ नसते, त्यामुळे ती या कलमातून अलगद निसटते. आणि पैसे घेऊन मोकळा झालेला मालक ताडदेवच्या किंवा वडाळ्याच्या खिडकीवर कशाला उभा राहील? कळवायचं ते विमा कंपनीने, कारण टोटल लॉस तीच ठरवते आणि पैसेही तीच देते.

इंग्लंडमध्ये विमा कंपन्या अशा गाडीवर शिक्का मारतात. ऑक्टोबर 2017पासून तिथे ए, बी, एस आणि एन असे चार वर्ग आहेत. पहिले दोन पुन्हा रस्त्यावर आणायचेच नाहीत. एस म्हणजे सांगाड्याला मार, एन म्हणजे सांगाडा शाबूत. एस आणि एन गाड्या राजरोस विकल्या जातात, फक्त घेणाऱ्याला ठाऊक असतं आणि भाव त्या बेताने ठरतो. आपल्याकडे परिवहन खात्याला एवढंच करायचं आहे. आरसीवर आणि पोर्टलवर एक रकाना वाढवायचा, त्यात टोटल लॉसची तारीख आणि कारण. अपघात, आग किंवा पाणी, एका शब्दाचं काम.

एप्रिल 2023पासून जुन्या गाड्यांच्या विक्रेत्यांनी आरटीओकडून अधिकारपत्र घ्यायचं आहे. भाच्याने ज्याच्याकडून गाडी घेतली त्याच्याकडे ते होतं का, हे त्याने विचारलं नाही. पावतीवर बारीक अक्षरांत ‘जशी आहे तशी’ छापलेलं आहे. दुकानदार म्हणतो, मी नुसता मध्यस्थ. वकिलाकडे कागद दिले आहेत, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही.

गाडी सध्या आमच्या विलेपार्ल्याच्या सोसायटीत निळ्या ताडपत्रीखाली आहे. डबा बदलला, वायरिंगचा एक तुकडा बदलला, ती चालू होते. भाच्याला ती विकायची आहे. मी त्याला एक पांढरा कागद दिला आणि बेल्टवरच्या रेघेपासून 2,310 तासांपर्यंत सगळं त्याच्याच अक्षरात लिहून घेतलं. तो कागद आरसीबरोबर एकाच पाकिटात ठेवला आहे. आतापर्यंत चौघे गाडी बघून गेले. चौघांनाही ती आवडली. त्यातले तिघे कागद वाचून गेले. चौथा म्हणाला, दोन लाख जास्त देतो, कागद तेवढा फाडून टाका.

आपला,
एक निवृत्त मोटार सर्व्हेअर
विलेपार्ले (पूर्व), मुंबई