ऊर्जा फिरून परत येत नाही, हे मुलांना सांगा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

परीक्षा जवळ आल्या की गल्लीतली मुलं जीवशास्त्राच्या वह्या घेऊन माझ्याकडं येतात. बहुतेक वह्यांत एकच तक्ता असतो: डावीकडं प्रकाशसंश्लेषण, उजवीकडं श्वसन, खाली ‘दोन्ही क्रिया परस्परविरुद्ध’. तो पाठ करून मुलं लिहितात, की झाडं दिवसा अन्न तयार करतात, रात्री श्वसन करतात आणि ऊर्जेचं चक्र पूर्ण होतं. दिवस-रात्रीची वाटणी चुकीचीच. झाडाचं श्वसन चोवीस तास चालू असतं. पण ऊर्जेचं चक्र ही त्याहून मोठी चूक.

फिरतात ते पदार्थ. कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यापासून पान साखर बनवतं, ऑक्सिजन सोडतं. श्वसनात साखर आणि ऑक्सिजन खर्ची पडून पुन्हा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होतं. ऊर्जा मात्र एकाच दिशेनं जाते. उन्हातली थोडीशी ऊर्जा पानाच्या पेशींतली हिरवी हरितलवकं साखरेत साठवतात. ग्लुकोजमधल्या त्या साठ्यापैकी साधारण ३४ टक्के श्वसनात एटीपीत, म्हणजे पेशीला लगेच वापरता येणाऱ्या ऊर्जेच्या रेणूत उतरते, बाकीची तिथल्या तिथं उष्णता होते. एटीपी वापरला की तिचीही शेवटी बहुतांशी उष्णताच. या उष्णतेवर कुठलंही पान साखर करू शकत नाही. त्याला नवं ऊनच लागतं.

आपल्या जिल्ह्यात हे शिकवायला ऊस पुरेसा आहे. तोडणीत वाढे आणि पाला गेला की साखर तयार होणं थांबतं. कांड्यातल्या पेशी मात्र जिवंत असतात. भर उन्हातही त्या श्वसन करतात आणि साठलेली साखरच मोडून खातात. शिवाय विकरं (एन्झाइम) सुक्रोज, म्हणजे आपली नेहमीची साखर, फोडू लागतात. म्हणून ऊस कारखान्याच्या गव्हाणीत पडायला दोन-चार दिवस उशीर झाला, की पाणी उडून वजन घटतंच, वर उतारा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाणही घटतं. शेतकऱ्याच्या पोराला हे नुकसान घरी ठाऊक असतं, वर्गात कुणी त्याचा विषय काढत नाही, याचं वाईट वाटतं.

गुऱ्हाळावर काहिलीखाली चिपाड पेटतं, तेव्हा उसानं साठवलेली ऊर्जा एकदम धग होऊन बाहेर पडते. पेशी तीच ऊर्जा पायरीपायरीनं सोडवते, म्हणून तिच्या पदरात एटीपी पडतो.

शिक्षकांना कळकळीची विनंती आहे: गळीत हंगामात एक तास गुऱ्हाळावर घ्या. आणि प्रश्नपत्रिकेत ‘फरक स्पष्ट करा’ऐवजी ‘तोडून ठेवलेल्या उसातली साखर का घटते?’ असं विचारा.

आपला,
एक निवृत्त विज्ञान शिक्षक, कोल्हापूर