विश्वास कमी पडला, असे आजाऱ्याला म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबर उजाडला की वर्तमानपत्रांत नाताळ दिसू लागतो. कॅम्पातली रोषणाई, गोठ्याचे देखावे, केकच्या दुकानांतली गर्दी. हे सारे आम्हांलाही आवडते. पण नाताळाआधीच्या चार रविवारांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. त्या दिवसांना आम्ही आगमनकाळ म्हणतो. बेथलेहेमच्या बाळाची आणि ख्रिस्ताच्या पुन्हा येण्याची वाट पाहण्याचे हे दिवस. यंदा आमच्या घरी जे ऐकावे लागले, त्यामुळे याविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही.

माझ्या मोठ्या जाऊबाईंच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या आहेत. आठवड्यातून तीनदा खानापूरहून बेळगावला डायलिसिससाठी जावे लागते. पाणी मोजून प्यायचे असते. पिशवीत एक लहान बाटली असते, दिवसभराचे पाणी तेवढेच. उन्हाळ्यात परतीच्या बसमध्ये त्या ती बाटली हातात घट्ट धरून बसतात, झाकण न उघडता. अशा बाईला एका प्रार्थनासभेत चारचौघांत सांगण्यात आले, "ताई, तुमचा विश्वास कमी पडतोय. विश्वास पुरा असता तर एव्हाना बऱ्या झाला असता." सभा कुणाची होती हे मी लिहीत नाही, कारण असे बोलणारे जागोजागी आहेत. त्या रात्री जाऊबाई जेवल्या नाहीत. माझा संताप अजून गेलेला नाही.

हे बोलणे पवित्र शास्त्राला धरून नाही, हे मला ठासून सांगायचे आहे. प्रेषित पौलाने आपल्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारी पीडा, निघावा म्हणून प्रभूला तीनदा विनवले. काटा निघाला नाही. माझी कृपा तुला पुरे आहे, एवढेच उत्तर आले. पौलाचा विश्वास तोकडा होता, असे म्हणायला कुणाची जीभ रेटेल? इब्री लोकांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात अब्राहाम, सारा अशा विश्वासाने जगलेल्यांची नावे ओळीने येतात, आणि तिथेच लिहिले आहे की वचनाचे फळ हाती न लागताच ही माणसे विश्वासात मरण पावली, त्यांनी ते फक्त दुरून पाहिले. रोमकरांस लिहिताना पौल विचारतो की जे डोळ्यांना दिसतेच आहे, त्याची आशा कोण कशाला धरील? न दिसणाऱ्याची आशा धरायची तर धीराने वाट पाहावी लागते. त्याच पत्रात आधी तो क्रमही देतो. संकटातून धीर, धीरातून शील, शीलातून आशा. ज्यांना पहिल्याच सभेत सगळे हवे असते त्यांनी हा क्रम एकदा शांतपणे वाचावा.

याच्या उलट टोकाचीही माणसे आमच्यात आहेत. धीर म्हणजे तोंड मिटून बसणे, देवाची मर्जी म्हणून सोडून देणे, असे ती समजतात. तेराव्या स्तोत्रात तर दावीद देवाला चार वेळा विचारतो, कोठवर? अशी तक्रार प्रार्थनेत बसते.

यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातला बत्तिसावा अध्याय मला फार जवळचा वाटतो. इ. स. पू. ५८७ च्या सुमाराची गोष्ट. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेमला वेढा घातला आहे, यिर्मया पहारेकऱ्यांच्या चौकात कैदेत आहे, आणि नगर पडणार हे तोच सांगत आला आहे. अशा वेळी चुलतभाऊ हानामेल येऊन म्हणतो, अनाथोथचे माझे शेत विकत घे. यिर्मया ते घेतो! १७ शेकेल (त्या काळचे वजन) रुपे तराजूत तोलून देतो, साक्षीदारांसमोर खरेदीपत्र करतो आणि आपला लेखनिक बारूख याला सांगतो की मोहोरबंद आणि उघडी, दोन्ही पत्रे मातीच्या मडक्यात ठेव, म्हणजे ती पुष्कळ दिवस टिकतील. जमिनीचे कागद आणि उतारे जिवापाड जपणाऱ्या आपल्या भागातल्या माणसाला त्या मडक्याचे मोल वेगळे सांगायला नको. बाबेलात नेलेल्या लोकांनाही त्याने पत्राने हेच कळवले होते. ७० वर्षे लागतील, तोवर घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा.

याकोबाच्या पत्रात शेतकरी येतो. पहिला आणि शेवटचा पाऊस मिळेपर्यंत तो पिकासाठी धीर धरतो. तिकडे पॅलेस्टाईनमध्ये पहिला पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरणीसाठी, शेवटचा मार्च-एप्रिलमध्ये दाणा भरण्यासाठी. आमच्या भागात भाताची धूळवाफ पेरणी होते. पावसाचा थेंब नसताना कोरड्या मातीत कुरीने बी पडते. मृग लांबला तर शेतकरी दिवसातून दोनदा बांधावर जाऊन येतो, आभाळाकडे बघतो, पण पेरलेले उकरून काढत नाही.

जाऊबाईंनी कर्नाटक राज्य सरकारच्या 'जीवसार्थकते' या अवयवदानाचे काम पाहणाऱ्या संस्थेकडे किडनीसाठी नाव नोंदवले आहे. मेंदू मृत झालेल्या कुणा व्यक्तीच्या नातेवाइकांनी, आपल्या दुःखात, अवयवदानाला होकार दिला तरच त्यांचा क्रम लागू शकतो. कधी, हे कुणी सांगू शकत नाही. रोज संध्याकाळी त्या प्रार्थना करतात, ज्याची किडनी मिळेल त्याच्या घरच्यांसाठीही करतात. यापेक्षा मोठा विश्वास मी पाहिलेला नाही.

आपल्या नाताळ पुरवणीत या चार रविवारांनाही थोडी जागा द्यावी, ही आपल्याला विनंती. आणि सभा घेणाऱ्या बंधुभगिनींना एवढेच सांगणे आहे की आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवून जरूर प्रार्थना करा, चांगली लांब करा. बरे वाटले नाही तर त्याचा विश्वास मोजत बसू नका. पुढच्या डायलिसिसला सोबत कोण येणार आहे, ते विचारा.

आपली,
एक वाचक, खानापूर (जि. बेळगाव)