बाबा, काढा घ्या पण गोळी सोडू नका
आई, बाबा,

फोनवर हा विषय निघाला की बाबा टीव्हीचा आवाज वाढवतात म्हणून लिहूनच पाठवतेय. आई म्हणाली की बाबांची शुगरची गोळी मेटफॉर्मिन बंद, कारण ती केमिकल, आणि आता जांभळाच्या बियांची पावडर नि कारल्याचा रस चालू. अहो, त्या मेटफॉर्मिनचं मूळ पण वनस्पतीतच आहे, युरोपातलं गॅलेगा, त्यातल्या द्रव्यावरून पुढे लॅबमध्ये गोळी बनली आणि १९५७ पासून माणसांना देतायत.

आयुर्वेदाला माझा विरोध नाहीच. पण चरकसंहिता काय म्हणते बघा ना, प्रमेह म्हणजे लघवीचे विकार वीस प्रकारचे, त्यातला मधुमेह वाताचा आणि तो असाध्य, शिवाय आईवडिलांकडून आलेला असेल तर बीजदोष म्हणून तोही असाध्य. आजोबांना शुगर होतीच की! मग व्हॉट्सॲपवरचा कुणीतरी 'मुळापासून बरा करतो' म्हणतो तो चरकाच्याही पुढे गेला म्हणायचा. आणि चरकाने कारणं कुठली दिलीत? बसून राहणं, झोप, दही, नवीन धान्य आणि गुळाचे पदार्थ. गुळाचे!! आणि तुम्ही साखर सोडून गुळाचा चहा पिताय, तोही दोनदा, आयुर्वेदिक म्हणून.

म्हणजे दोन्हीकडचं सोपं तेवढं उचललंत. चालायला डॉक्टर पण सांगतात, वैद्य पण सांगतात, आणि गोदापार्क रिक्षाने दहा मिनिटांवर असून तिकडे कुणी फिरकत नाही.

मला खरी भीती ग्लिमेपिराइडची आहे, शुगरची ती दुसरी गोळी तुम्ही घेताय ना अजून? तिच्यावर कारल्याचा रस, त्यात चतुर्थीचा उपास, शुगर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटला, हात थरथरले तर आई लगेच साखरेचं पाणी दे, तेव्हा पथ्य बघू नकोस.

वैद्यांकडे जायचंय तर जा, पण डिग्रीवाल्या. बीएएमएस काय, एमबीबीएस काय, परीक्षा आपल्या म्हसरूळच्या आरोग्य विद्यापीठाचीच. फक्त डॉक्टर आणि वैद्य दोघांनाही दोन्हीकडची औषधं दाखवा, लपवू नका, आणि बिनलेबलच्या पुड्या तर घरात नकोतच, त्यात कधी पारा-शिसं असतं तर कधी अ‍ॅलोपॅथीचीच गोळी कुटून घातलेली असते.

सकाळची शुगर एकदा चांगली आली यावर जाऊ नका, एचबीएवनसी ही रक्ततपासणी करा, त्यात शुगरची तीन महिन्यांची सरासरी कळते. त्याला उपाशीपोटी जावं लागत नाही, त्यामुळे चहाचं कारण चालणार नाही. रिपोर्टचा फोटो मला पाठवा, आणि गोळी परत कशी सुरू करायची ते डॉक्टरांना याच आठवड्यात विचारा.

तुमची,
मनू